विश्लेषण : नेपोलियनची लढाई टेबलावर कशी लढतात? ‘जर-तर’ला शिस्त लावणारा खेळ

‘इतिहासात जर-तरला स्थान नसते’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. तरीही पानिपत असो वा वॉटर्लू, लढाईचा विषय निघाला की जर-तर केल्याशिवाय कोणालाच राहवत नाही. अमका सरदार वेळेवर पोहोचला असता तर, तमक्याने ऐकले असते तर... ही हौस फासे, मोजपट्टी आणि नियमांच्या चौकटीत बसवणारा एक खेळ युरोप-अमेरिकेत कित्येक पिढ्या खेळला जातो. नेपोलियनच्या काळातील लढाया हा त्याचा सर्वात आवडता विषय. या खेळाचे नियम शिकणे म्हणजे काय, ते इतके किचकट का असतात आणि आपल्याकडच्या इतिहासवाचकाने त्यात डोके का घालावे, याविषयी.

हा खेळ नेमका काय आहे?

एक मोठे टेबल. त्यावर हिरवे कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, छोटी घरे, निळ्या पट्टीची नदी. दोन्ही बाजूंना रंगवलेले छोटे सैनिक. कोणी २८ मिलिमीटर उंचीचे वापरतो, कोणी १५ मिलिमीटरचे, तर कोणी अवघ्या ६ मिलिमीटरचे. पायदळ, घोडदळ, तोफखाना, घोड्यावरचे सेनापती असे सगळे त्यात असतात. दोन्ही खेळाडू आळीपाळीने आपले सैन्य हलवतात. किती हलवायचे ते मोजपट्टीने ठरते, गोळीबाराने किती हानी झाली ते फाशांनी ठरते आणि फाशांचा अर्थ काय लावायचा ते नियमपुस्तक सांगते.

ऐकताना हे बुद्धिबळासारखे वाटेल. पण फरक मोठा आहे. बुद्धिबळातला घोडा कधी बिचकत नाही, प्यादे कधी पळून जात नाही आणि वजिराला पाठवलेला निरोप वाटेत हरवत नाही. या खेळात हे तिन्ही होते. किंबहुना हे तिन्ही व्हावे यासाठीच नियम लिहिलेले असतात.

त्याची सुरुवात कुठे झाली?

मूळ बुद्धिबळातच आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील शिक्षक योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर दीड हजारांहून अधिक घरे होती आणि जमिनीचे वेगवेगळे प्रकार रंगांनी दाखवलेले होते. पण घरे आली की सैन्य चौकटीतच चालणार, ही अडचण राहिली.

ती प्रशियातील राइसविट्झ पिता-पुत्रांनी सोडवली. वडिलांनी १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला जमिनीचे सुटे तुकडे जुळवून रणभूमी तयार करता येईल असे खास टेबल भेट दिले. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले. आता पटाऐवजी १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा आला. एक फेरी म्हणजे दोन मिनिटांचा काळ. बंदुका-तोफांच्या चाचण्यांतील आकड्यांवरून हानीचे तक्ते बनवले आणि नशिबाचा भाग फाशांवर सोपवला. दोन्ही बाजू आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत आणि समोरच्याचे जेवढे दिसायला हवे तेवढेच पंच त्यांना दाखवे. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांना हा प्रकार इतका पटला की त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली. पुढे १८६६ आणि १८७०-७१ च्या युद्धांत प्रशिया जिंकली, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांचेही या खेळाकडे लक्ष गेले.

सैन्यातून तो घरात कसा आला?

‘टाइम मशीन’चे लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. खेळण्यातले शिशाचे सैनिक, स्प्रिंगवर गोळा फेकणारी खेळण्यातली तोफ आणि जमिनीवर मांडलेले लाकडी ठोकळे एवढ्यावर त्यांची रणभूमी उभी राही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे स्वस्त सैनिक आले आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने हा छंद घरोघरी नेला.

मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पिढीचेही या खेळाशी नाते आहे. अमेरिकेतील मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने १९६९ मध्ये नेपोलियनकालीन लढाई मांडताना काही खेळाडूंना सैन्य न देता एका काल्पनिक जर्मन गावातील व्यक्तींच्या भूमिका दिल्या. खेळाडू लढाई विसरून त्या भूमिकांतच रमले. त्या गटातील डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्ससह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. आज गेममधले आपले पात्र ‘लेव्हल’ वाढवते आणि त्याचे ‘हिट पॉइंट’ संपतात, तेव्हा त्या वंशवेलीवर मागे कुठेतरी नेपोलियनच्या सैनिकांचे हे टेबल असते.

नेपोलियनचाच काळ का?

कारण या काळात तिन्ही दले एकमेकांवर अवलंबून होती आणि सैन्याची रचना हेच मुख्य हत्यार होते. पायदळाच्या बंदुकीतून मिनिटाला जेमतेम दोन-तीन गोळ्या सुटत आणि शंभर मीटरच्या पलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. त्यामुळे शेकडो माणसांनी खांद्याला खांदा लावून एकत्र गोळीबार करणे भाग होते. त्यासाठी लांब ‘रांग’. पण लांब रांग शेतातून, ओढ्यातून चालवली की वेडीवाकडी होते; म्हणून चाल करून जाण्यासाठी आटोपशीर ‘स्तंभ’. घोडदळ अंगावर आले तर चारही बाजूंना संगिनी रोखलेला ‘चौकोन’. कारण संगिनींच्या भिंतीवर घोडा झेप घेत नाही. आणि असा दाटीवाटीचा चौकोन दिसला की तोफखान्याला आयते लक्ष्य.

म्हणजे प्रत्येक रचना एका शत्रूपुढे भक्कम आणि दुसऱ्यापुढे उघडी. रचना बदलायला वेळ लागतो आणि तो वेळच कमी असतो. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील अल्बुएरा येथे कोलबोर्नची ब्रिटिश ब्रिगेड रांगेत उभी होती. पाऊस आणि गारांच्या सरीत समोरचे दिसेना, बंदुकांची दारू भिजली आणि फ्रेंचांच्या बाजूचे पोलिश भालेस्वार बगलेतून आत घुसले. चौकोन करायला अवधीच मिळाला नाही. काही मिनिटांत तीन बटालियन जवळजवळ नाहीशा झाल्या. याउलट १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला मार्शल नेने दुपारभर घोडदळाच्या लाटा सोडल्या, पण वेलिंग्टनचे चौकोन आधीच तयार होते. ते फुटले नाहीत. सैनिकांच्या धाडसात या दोन दिवसांत मोठा फरक होता असे कोणी म्हणणार नाही. फरक होता तो वेळ, हवामान आणि रचनेचा.

नियमपुस्तक वाचायचे कसे?

नवखा माणूस इथेच गडबडतो. शंभर-दीडशे पानांचे पुस्तक, त्यात तक्ते, अपवाद, अपवादांचे अपवाद. पहिल्या पानापासून पाठ करायला घेतले तर दहाव्या पानावर उत्साह मावळतो. त्याऐवजी पुस्तकाला चार प्रश्न विचारावेत.

पहिला, प्रमाण काय? एक पुतळा म्हणजे किती माणसे? अनेक जुन्या नियमांत एक पुतळा २० किंवा ३३ सैनिकांच्या जागी उभा असतो. २० च्या हिशेबाने ३६ पुतळ्यांची बटालियन म्हणजे ७२० माणसे. उलट काही नियमांत पुतळे मोजायचेच नसतात. पुतळ्यांची अख्खी पट्टी हीच एक बटालियन किंवा ब्रिगेड. एक फेरी म्हणजे किती मिनिटे आणि टेबलावरचा एक इंच म्हणजे किती मीटर, हेही यातच येते.

दुसरा, खेळाडू कोण आहे? बटालियनचा प्रमुख, की अख्ख्या सैन्याचा सेनापती? बटालियनच्या प्रमुखाने चौकोन कधी करायचा याचा विचार करायचा असतो. सेनापतीने तो विचार करायचा नसतो; त्याने राखीव सैन्य कधी सोडायचे हे ठरवायचे असते. चांगले नियम खेळाडूला एकाच खुर्चीत बसवतात. वाईट नियम त्याच्याकडून शिपायापासून सम्राटापर्यंत सगळ्यांची कामे करून घेतात.

तिसरा, फेरीचा क्रम काय? आधी हुकूम, मग हालचाल, मग गोळीबार, मग हातघाई, शेवटी मनोबलाची तपासणी असा काहीतरी क्रम असतो. तो बदलला की खेळाचा स्वभाव बदलतो.

आणि चौथा, सर्वात महत्त्वाचा : सैन्य पळते केव्हा? या काळातील बहुतेक बटालियन शेवटच्या माणसापर्यंत लढून संपत नसत. त्यांचा धीर सुटे. शेजारची तुकडी मागे हटली, सेनापती पडला, बगलेवर शत्रू आला की माणसे मागे पाहू लागत. म्हणून नियमांत ठार किती यापेक्षा धीर किती उरला याचा हिशेब जास्त काटेकोर असतो. या चार उत्तरांनंतर उरलेले तक्ते पाठ करायची गरज नाही. बहुतेक पुस्तकांच्या शेवटी एक-दोन पानी सारांश-तक्ता असतो. खेळताना तोच समोर ठेवायचा.

दिलेला हुकूम पाळला जातोच का?

नाही, आणि शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच. रिक प्रीस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांच्या ‘ब्लॅक पावडर’ या २००९ च्या लोकप्रिय नियमपुस्तकाचे उदाहरण घेऊ. त्यात खेळाडूने आधी हुकूम तोंडाने सांगायचा : ‘ही ब्रिगेड ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर जाईल.’ मग दोन फासे टाकायचे. प्रत्येक सेनानीला एक आकडा दिलेला असतो. सर्वसाधारण माणसासाठी ८. फाशांची बेरीज ८ किंवा कमी आली तर हुकूम पाळला जातो. बरीच कमी आली तर तुकडी एकाच फेरीत दुप्पट-तिप्पट अंतर जाते. जास्त आली तर ती जागची हलत नाही. दोन्ही फाशांवर सहा पडले तर गफलत; तुकडी भलतीकडेच जाऊ शकते.

आता थोडे गणित. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बेरीज ८ किंवा कमी येण्याच्या शक्यता २६. म्हणजे एक हुकूम पाळला जाण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के. वाईट नाही. पण तीन ब्रिगेडनी एकाच फेरीत, एकाच वेळी हल्ला करायचा असेल तर? तिन्ही हुकूम एकदम पाळले जाण्याची शक्यता फक्त ३८ टक्के उरते. कागदावर ‘तीन बाजूंनी एकदम हल्ला’ लिहिणे किती सोपे आणि तो घडवणे किती अवघड, हे एका पानाच्या प्रवचनापेक्षा हा आकडा जास्त पटवून देतो.

फाशांवर हुकूम सोडणे हा पोरखेळ वाटत असेल, तर १६ जून १८१५ चा दिवस आठवावा. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी नेपोलियन लिन्यी येथे प्रशियाशी लढत होता आणि नेची तुकडी काही मैलांवर कात्र-ब्रा येथे वेलिंग्टनशी. मध्ये होती दर्लोंची सुमारे वीस हजारांची फौज. उलटसुलट हुकुमांमुळे ही फौज दिवसभर या रणांगणाकडून त्या रणांगणाकडे आणि पुन्हा मागे अशी चालत राहिली. दोन्ही लढाया संपल्या; तिने कुठेच धड भाग घेतला नाही. युरोपातल्या सर्वात अनुभवी सेनापतीच्या सैन्यात हे घडले. फासा म्हणजे नशिबाची चैन नव्हे. हरवलेला निरोप, दमलेला घोडा, चुकीचे वाचलेले अक्षर आणि हट्टी अधिकारी या सगळ्यांना मिळून दिलेले ते एक नाव आहे.

नियमांतले आकडे तटस्थ असतात का?

इथे या खेळाच्या भक्तांशी थोडे भांडायला हवे. नियमपुस्तकात कोणाला ८, कोणाला ७, कोणाला गोळीबारात एक गुण जास्त असे आकडे छापलेले असतात. छापलेला आकडा फार लवकर खरा वाटू लागतो. प्रत्यक्षात तो कोणा इतिहासकाराच्या मताचा आकड्यांत केलेला अनुवाद असतो.

ब्रिटिश रांग आणि फ्रेंच स्तंभ यांचा वाद हे उत्तम उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स ओमान या ब्रिटिश इतिहासकाराने साधे गणित मांडले. ६०० माणसांची ब्रिटिश बटालियन दोन ओळींत उभी राहिली तर सर्वच्या सर्व ६०० बंदुका चालतात. ७२० माणसांची फ्रेंच बटालियन दोन कंपन्यांच्या रुंदीच्या स्तंभात आली तर पुढच्या दोन ओळींतील सुमारे १६० बंदुकाच चालतात. म्हणून स्तंभ हरणारच. अनेक जुन्या ब्रिटिश नियमांत हेच गणित बसले. काही नियमपुस्तकांनी त्यावर ‘राष्ट्रीय गुणधर्म’ म्हणून आणखी गुणांची खैरात केली.

पुढच्या संशोधकांनी हे चित्र बदलले. ज्या माइदाच्या लढाईचा (१८०६) ओमान यांनी पुरावा म्हणून उपयोग केला, तिथे फ्रेंच स्तंभात नव्हे, मुख्यतः रांगेतच लढले होते. पॅडी ग्रिफिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले की वेलिंग्टनचे सैनिक बहुधा टेकडीच्या पलीकडच्या उतारावर दडून राहत, अगदी जवळून एक-दोन फैरी झाडत आणि लगेच आरोळी ठोकून संगिनींसह धावून जात. विजय बंदुकांच्या संख्येचा कमी, लपण्याचा आणि धक्का देण्याचा जास्त. मत बदलले तसे पुढच्या काही नियमपुस्तकांतले तक्तेही बदलले. लढाई तीच, टेबल तेच, पण पुस्तक बदलले की निकाल बदलतो. म्हणून नियम शिकणाऱ्याने ‘हा आकडा किती’ एवढ्यावर न थांबता ‘हा आकडा का’ असे विचारायला हवे.

आपल्याकडच्या इतिहासाशी याचा काय संबंध?

संबंध थेट जालना जिल्ह्याशी आहे. पुढे वेलिंग्टन म्हणून गाजलेला आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या संयुक्त फौजेशी लढला. आपल्या आयुष्यातील सर्वात चांगली कामगिरी म्हणून त्याने पुढे असईकडेच बोट दाखवल्याचे सांगितले जाते. शिंद्यांकडे दहा हजारांच्या आसपास कवायती पायदळ आणि शंभरच्या आसपास तोफा होत्या. महादजींच्या काळात द बॉयने या अधिकाऱ्याने घडवलेल्या कंपूंची ही परंपरा. असईला या पायदळाची सूत्रे होती हानोवरच्या पोलमानकडे. काळ नेपोलियनचा, बंदुका त्याच तऱ्हेच्या आणि कवायत युरोपीय. त्यामुळे असई नेपोलियनकालीन नियमांत चपखल बसते.

मग प्रश्न येतो, शिंद्यांच्या पलटणींना आकडा कोणता द्यायचा? ‘एतद्देशीय, अनियमित’ असा शिक्का मारून कमी गुण दिले, तर टेबलावर वेलस्ली दर वेळी सहज जिंकेल. पण खरी लढाई तशी झाली नाही. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून वेलस्लीने नदी ओलांडली आणि तो बगलेवर आला. त्याची अपेक्षा होती की एवढी मोठी फौज वेळेत तोंड फिरवू शकणार नाही. पोलमानच्या पलटणींनी ते फिरवले, आणि केळणा ते जुई नदीच्या मधल्या जागेत नवी फळी उभी केली. तोफांनी ब्रिटिश रांगा भाजून काढल्या. असई गावाच्या बाजूला भरकटलेल्या ७४व्या पलटणीची धूळधाण झाली. घोडदळ धावून आले म्हणून तिचे अवशेष वाचले. रांग पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार-जखमी झाले; प्रत्यक्ष लढलेल्या नियमित सैनिकांत साधारण दर तिघांमागे एक.

म्हणजे पलटणींना आणि गोलंदाजांना वरचाच आकडा द्यावा लागतो. मग हरले कुठे? नियमांची भाषा इथे कामी येते, कारण ती शिपायाचा आकडा आणि सेनानीचा आकडा वेगळा ठेवते. युद्ध सुरू होताच कंपनी सरकारच्या आवाहनाने शिंद्यांच्या चाकरीतील अनेक ब्रिटिश अधिकारी निघून गेले होते. दोन्ही सरदार रणांगणातून लवकर बाहेर पडले. मोठे घोडदळ जवळपास बघ्याच्या भूमिकेत राहिले. समजा वेलस्लीला ९ आणि समोरच्या नेतृत्वाला ७ दिले. एका हुकुमापुरता फरक ८३ आणि ५८ टक्के. फार नाही वाटत. पण तीन तुकड्या एकदम हलवायच्या म्हटल्या की तोच फरक ५८ विरुद्ध २० टक्के होतो. शौर्य दोन्हीकडे सारखे ठेवूनही लढाई एका बाजूला कलते.

आपल्याकडे पराभवाची कारणे सांगताना दोनच शब्द पटकन तोंडात येतात : फितुरी किंवा दुर्दैव. आणि विजयाला एकच : पराक्रम. हे शब्द खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. हुकूम कोण देत होता, तो किती वेळात पोहोचत होता, ऐकणारा तो मानायला बांधील होता का, हे प्रश्न त्यात बुडून जातात. नियमपुस्तक ते बुडू देत नाही. तिथे प्रत्येक कारणाला रकाना लागतो आणि रकान्यात काहीतरी लिहावेच लागते.

हा युद्धाचा उदोउदो नाही का?

हा आक्षेप बरोबरच्या जागी बसतो. टेबलावर रक्त नसते, जखमींचे कण्हणे नसते, तुडवलेली शेते आणि उपाशी गावे नसतात. बाद झालेला पुतळा डब्यात जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो. शिवाय खेळाडू वरून सगळे पाहतो. खऱ्या सेनापतीपुढे धूर असे. हे नियमांचे दोष नसून मर्यादा आहेत आणि त्या विसरल्या की खेळाचे खोट्या पांडित्यात रूपांतर होते.

पण एक गोष्ट याच्या उलट बाजूने मांडता येते. वेल्स स्वतः युद्धाच्या विरोधात होते आणि त्यांच्या पुस्तकाचा सूरही हाच की युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी ती खेळण्यातल्या सैनिकांवरच भागवावी. पुढच्याच वर्षी युरोप महायुद्धात लोटला गेला, हा भाग वेगळा. युद्ध म्हणजे दोन दिवसांत आटोपणारे काम आहे असे ज्याला वाटते, त्याला एक संध्याकाळ या टेबलावर बसवावे. आपल्याच तीन ब्रिगेडपैकी दोन हलत नाहीत आणि तिसरी एकटीच शत्रूच्या तोफांपुढे जाऊन उभी राहते, हे पाहिल्यावर आरामखुर्चीतला सेनापती जरा नरमतो.

नवख्याने सुरुवात कुठून करावी?

महागडे पुतळे आणि रंग यांच्यापासून तर नकोच. पुठ्ठ्याचे आयताकृती तुकडे कापून त्यांवर ‘पायदळ’, ‘घोडदळ’, ‘तोफा’ लिहिले तरी नियम शिकता येतात. जेवणाचे टेबल, दोन-चार फासे आणि शिवणकामाची टेप पुरते. पहिल्या डावात दोन्हीकडे तीन-तीन पायदळ तुकड्या. फक्त हालचाल आणि गोळीबार. दुसऱ्यात एकेक तोफ. तिसऱ्यात घोडदळ, म्हणजे चौकोन कधी करायचा हा पेच आपोआप पुढे येतो. हुकूम आणि मनोबलाचे नियम त्यानंतर. मोठी लढाई सर्वात शेवटी. वॉटर्लूपासून सुरुवात करणारे सहसा दुपारी जेवायला उठतात आणि परत टेबलाकडे येत नाहीत.

नियमाबद्दल वाद झाला तर राइसविट्झच्या वारसांकडे एक उत्तर आहे. तक्त्यांचे ओझे वाढत गेले तेव्हा प्रशियातील फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने १८७६ मध्ये सुचवले की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. आजही टेबलावर एक तिसरा, जाणता माणूस असेल तर नियम निम्म्या वेळात समजतात. दोन्ही बाजूंचे पत्ते त्यालाच माहीत असले तर धुराचा अनुभवही येतो.

आणि एक डाव जरूर असईचा मांडावा. पण सुरू करण्याआधी शिंद्यांच्या पलटणींना, गोलंदाजांना आणि सरदारांना कोणते आकडे द्यायचे हे ठरवायला तासभर द्यावा. त्या तासात जे वाचावे लागेल, ज्या गोष्टींवरून एकमेकांशी भांडावे लागेल, तोच या खेळाचा मोठा लाभ. जर-तर आपण करणारच आहोत. ‘तर’ म्हणण्याआधी हुकूम किती वेळात पोहोचला असता, हे मोजायची सवय तेवढी लागायला हवी.